झरणीची संमेलने व नागरी अक्षर

फाउंटनपेनाच्या शौकिनांनी ठरावीक दिवशी एकत्र जमावे, आपापली पेने एकमेकांस दाखवावी, ती हाती घेऊन चार ओळी लिहून पाहाव्या आणि शाई, निब व कागद यांच्याच गोष्टींत दोन-तीन तास घालवावे, ही रीत आता आपल्याकडेही चांगली रुळली आहे. नोव्हेंबर महिन्याचा पहिला शुक्रवार २०१२ पासून देशोदेशी ‘फाउंटनपेन दिन’ म्हणून पाळला जातो. त्या सुमारास मोठ्या शहरांतून अशा संमेलनांस विशेष भरती येते. नांदेड-लातूरकडे एवढा थाट नसतो. सात-आठ माणसे कोणा एकाच्या घरी जमतात, इतकेच. परंतु जमणाऱ्यांचा जिव्हाळा थाटावर अवलंबून नसतो, आणि आम्हांस जे म्हणावयाचे आहे ते लहानमोठ्या सर्वच संमेलनांस सारखेच लागू आहे.

वाङ्मयास वाहिलेल्या मासिकाने या विषयात का पडावे, असे कोणी विचारील. त्यास आमचे उत्तर असे की, लेखणी हे आमच्या व्यवसायाचे हत्यार आहे. पुस्तकांची परीक्षणे आपण करतो, नाटकांच्या प्रयोगांची करतो. मग जे लोक निव्वळ लेखणीच्या प्रेमाने एकत्र येतात ते तेथे काय करतात व काय करावयाचे विसरतात, याचे परीक्षण टीकाकाराने केले तर तो आपली मर्यादा ओलांडतो असे आम्हांस वाटत नाही.

गेल्या हिवाळ्यात नांदेड येथे एका स्नेह्यांच्या घरी भरलेल्या अशा एका बैठकीस आम्हांस उपस्थित राहता आले. पाच नांदेडचे आणि तीन लातूरहून आलेले असे आठ गृहस्थ सतरंजीवर बसले होते व मध्ये पांढऱ्या पंचावर पेने मांडलेली होती. राजमहेंद्रीची रत्नम पेने होती. हैदराबादेत लेथवर कातलेली, हातात धरताच रबराचा किंचित वास येणारी एबोनाइटची जाड पेने होती. एकेकाळी मराठवाड्यातल्या प्रत्येक मास्तराच्या खिशाला दिसणारी चिनी हीरो पेने होती. दोन-तीन जपानी व जर्मन पेनेही होती. आम्ही कुतूहलाने गेलो होतो, आणि जे पाहिले त्यातील पुष्कळ भागाने आमचे मन प्रसन्न झाले हे प्रथमच सांगितले पाहिजे. वयाचा, हुद्द्याचा व जातीचा भेद त्या सतरंजीवर नव्हता. बँकेतून निवृत्त झालेले गृहस्थ महाविद्यालयीन मुलाकडून निब सरळ करण्याची युक्ती शिकत होते. ड्रॉपरने शाई भरण्याचे पेन उन्हाळ्यात एकाएकी डाग का पाडते, हे एकाने फार सोप्या रीतीने सांगितले: नळीतील शाई अर्ध्याहून कमी झाली म्हणजे उरलेली जागा हवा व्यापते, हाताच्या उबेने ती हवा फुगते, आणि फुगलेली हवा शाईला निबेवाटे बाहेर लोटते, म्हणून अशी नळी फार रिकामी होऊ देऊ नये. ज्या मुलुखात वैशाखात पारा बेचाळीस अंशांपलीकडे जातो तेथे हे ज्ञान शोभेचे नव्हे, कामाचे आहे. मोडलेली वस्तू फेकून न देता दुरुस्त करावी, तिचा कारागीर कोण याची चौकशी करावी, स्वतःजवळची चांगली शाई दुसऱ्याच्या दौतीत ओतून द्यावी, हे गुण हल्ली इतके विरळ झाले आहेत की, ते जेथे आढळतील त्या बैठकीस हसण्याचा अधिकार कोणासच नाही.

आमचा आक्षेप आहे तो पेने पाहून झाल्यावर जो कागद पुढे आला त्याविषयी. प्रत्येकाने प्रत्येक पेन घेऊन त्या कागदावर लिहून पाहावे अशी प्रथा आहे. आम्ही तो कागद बैठक संपल्यावर मागून घेतला. त्यावर आठ जणांच्या हातच्या साठ-सत्तर ओळी होत्या. चपळ तांबड्या कोल्ह्याने आळशी कुत्र्यावरून उडी मारल्याचे, रोमन लिपीतील सर्व अक्षरे येतात म्हणून प्रसिद्ध असलेले, इंग्रजी वाक्य त्यावर चौदा वेळा होते; इंग्रजी सह्या होत्या; आडवे पाडलेले आठाचे आकडे व वेटोळी होती; पेनांची व शायांची नावे होती, तीही रोमन अक्षरांत. मराठीचे एक अक्षर नव्हते. त्या आठांपैकी घरी मराठीवाचून दुसरी भाषा बोलणारा एकच होता, व तो उर्दू बोलणारा गृहस्थ होता. त्यानेही उर्दूची एक ओळ लिहिली नव्हती.

ह्यात कोणी मुद्दाम काही केले असे नव्हे. चाचणीची ती रीतच बाहेरून आली, आणि पेनाबरोबर तीही आपण घेतली. परंतु परिणाम काय झाला? ज्या लिपीत आपण आयुष्यभर लिहावयाचे त्या लिपीच्या कसोटीला आपले एकही पेन लागले नाही. आणि ही कसोटी केवळ अभिमानाची नाही, हाताची आहे. नागरी लिहिण्यास पूर्वी जो बोरू वापरीत, त्याच्या टोकाचा काप रोमन लिपीच्या लेखणीच्या उलट बाजूस तिरपा असे; त्यामुळे जेथे रोमन अक्षराची रेघ जाड होते तेथे नागरीची बारीक होते, व नागरीत जेथे भर हवा तेथे रोमनात तो नसतो. सामान्य फाउंटनपेनाच्या निबेचे टोक गोल असल्याने ते जाड-बारीक भेद फारसा करीतच नाही. तेव्हा तेथे हा विरोध लपून राहतो. परंतु शौकीन मंडळी ज्या ‘स्टब’ निबेवर विशेष लुब्ध असतात तिने नागरी लिहून पाहावे. उभी रेघ जाड व आडवी बारीक अशी तिची घडण असल्यामुळे अक्षराचा दंड धष्टपुष्ट होतो आणि त्याची शिरोरेषा मात्र केसासारखी राहते. ज्या रेषेवर सगळे अक्षर तोलून धरलेले, तीच अशक्त! इंग्रजीत जी निब ऐटदार दिसते ती मराठीत असे विद्रूप अक्षर काढते, ही गोष्ट आमच्या बैठकीतील एकाही तज्ज्ञास ठाऊक नव्हती. कारण त्यांपैकी कोणी त्या निबेने मराठी लिहिलेच नव्हते.

शिरोरेषेची गोष्ट निघाली म्हणून आणखी एक सांगतो. नागरीत प्रत्येक शब्द संपल्यावर हात उचलून पुन्हा डावीकडे न्यावा लागतो, आणि पेनाची शाई जर निबेवर चटकन उतरत नसेल तर ती रेघ नेमकी आरंभी कोरडी जाते. इंग्रजीच्या सलग वळणात हा दोष कधी कळून येत नाही. मोडी लिहिणाऱ्यांनी ही अडचण मुळातच टाळली होती. ते आधी कागदाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत रेघ ओढीत आणि मग तिच्याखाली अक्षरे, हात शक्य तितका कमी उचलीत, लिहीत जात. म्हणजे आमच्या पूर्वजांनी हत्यार व लिपी यांचा विचार एकत्र केला होता. आम्ही हत्यार तेवढे घेतले व विचार सोडून दिला.

परक्यांचे अनुकरणच करावयाचे तर जपान्यांचे का करू नये? सेलर ही त्यांची पेने करणारी पेढी १९११ मधली, पायलट १९१८ मधली. फाउंटनपेन त्यांच्याकडेही पश्चिमेकडूनच आले. परंतु त्यांची अक्षरे गुंतागुंतीची व दाट, म्हणून त्यांनी निबा पाश्चात्त्यांहून बारीक केल्या. आणि सेलरच्या एका कारागिराने तर लांब दांड्याच्या तलवारीवरून ‘नागिनाता’ हे नाव घेतलेली, जपानी अक्षरातील थांबणे, झटका देणे व फराटा ओढणे या क्रिया साधतील अशी निब घासून दाखविली. ती निब आमच्या त्या पंचावर होती. तिची किंमत ऐकून सर्वांनी माना डोलावल्या. पण जपान्यांनी आपल्या लिपीसाठी निब वाकविली, तर आपण आपल्या लिपीसाठी काय केले, हा प्रश्न कोणाच्या ओठी आला नाही.

वस्तुतः हा प्रश्न ह्या देशात एकदा अर्ध्यापर्यंत विचारला गेला होता. काशीच्या राधिकानाथ साहा यांनी विसाव्या शतकाच्या आरंभीच स्वदेशी लेखणीचे प्रयोग केले. १९२१ साली के. व्ही. रत्नम यांस गांधीजींनी काही स्वदेशी वस्तू करावयास सुचविल्याची आणि रत्नम यांनी राजमहेंद्रीस १९३२ च्या सुमारास पेनांचा कारखाना काढल्याची हकीकत प्रसिद्धच आहे. आरंभीच्या पेनांत परदेशी भाग होते म्हणून ती गांधीजींनी पत्करली नाहीत असे सांगतात; पुढे सर्वस्वी देशी पेन गेले तेव्हा १९३५ च्या जुलैत त्यांनी वर्ध्याहून रत्नम यांस समाधानाचे पत्र लिहिले. त्याच वर्ध्यास मगनवाडीत ग्रामोद्योग संघाचे कार्य चालू होते, हातकागद होत होता, आणि गांधीजींचा स्वतःचा ओढा तर बोरूकडेच होता. १९३१ मध्ये मुंबईस दांडेकर बंधूंनी शाईचा धंदा सुरू केला, त्यातून पुढे कॅम्लिन झाले. १९३४ मध्ये बंगालात मैत्र बंधूंची सुलेखा शाई निघाली. ह्या सर्वांनी पेन स्वदेशी केले, निब स्वदेशी केली, शाई स्वदेशी केली. राहिले ते निबेचे टोक. ते मात्र रोमन अक्षराचेच राहिले. स्वदेशीच्या त्या पिढीस जे करावयास अवकाश मिळाला नाही ते करण्याचे काम खरे पाहता आजच्या शौकिनांचे आहे; कारण कारखानदारास दहा गिऱ्हाइकांसाठी निब बदलणे परवडत नाही, पण हाताने निब घासून देणारे कारागीर अजून आहेत, आणि त्यांच्याकडे निबा पाठविणारे हेच लोक आहेत.

आता त्या बैठकीतील जी गोष्ट आमच्या मनातून जात नाही ती सांगतो. लातूरच्या तिघांपैकी एक वृद्ध गृहस्थ आपल्या वडिलांचे पेन घेऊन आले होते. वडील निजामी अमलात पटवारी होते. पेन काळ्या एबोनाइटचे, टोपणाची पट्टी झिजलेली, निब मात्र शाबूत. ते ज्या रुमालात बांधून आणले होते त्याच रुमालात वडिलांच्या हातची एक वहीही होती. पेन हातोहात फिरले. त्याची निब भिंगातून पाहिली गेली, घडणीवरून ते कोणत्या दशकातले असावे याविषयी दोन मते पडली, एकाने ते जागच्या जागी धुऊन शाई भरून चालते करून दिले, आणि त्या वृद्धाच्या डोळ्यांत पाणी आले. हे सर्व खरे आणि सुंदर होते. पण ती वही रुमालातच राहिली. आम्ही ती उघडून पाहिली, मोडीत होती. मुलाला ती वाचता येत नव्हती, आणि खोलीतल्या कोणालाच येत नव्हती. आम्हांस अक्षरे लागत लागत वाचता येते. दोन-चार ओळींत जमिनीचा हिशेब होता, आणि पुढे एके ठिकाणी पावसाची, बियाणे उसने आणल्याची व घरात मूल आजारी असल्याची नोंद होती. ते मूल म्हणजे आपणच असू, असे तो वृद्ध गृहस्थ बराच वेळाने म्हणाला. ज्या पेनाचे त्या दुपारी एवढे कौतुक झाले, त्याने लिहिलेली ओळ ऐंशीच्या घरातल्या त्या माणसाने जन्मात प्रथम ऐकली.

ह्या प्रांतास ही गोष्ट नवी नसावी. माहूरच्या परिसरात आजही नांदत असलेल्या महानुभाव पंथाचे ग्रंथ सकळ लिपीसारख्या सांकेतिक लिप्यांत शतकानुशतके राहिले, आणि विसाव्या शतकाच्या आरंभी राजवाडे, भावे प्रभृतींनी त्यांचे संकेत उकलून दाखवीपर्यंत बाकीच्या महाराष्ट्रास ते मुके होते. पण तेथे निदान किल्ली कोणाजवळ तरी जपून ठेवलेली होती. काजळी व डिंक यांच्या शाईने बोरूने लिहिलेल्या त्या पोथ्या टिकल्या, वाचणारेही टिकले. आमच्या शौकिनांच्या शाया रंगाने मोहक आहेत. परंतु त्यांतील बहुतेक निव्वळ रंगद्रव्याच्या असल्यामुळे पाण्याच्या थेंबाने पसरतात व उन्हाने उडतात. काजळीची शाई फाउंटनपेनाची नळी बुजविते हे खरे, आणि म्हणून ती त्यात घालू नये हेही खरे. परंतु लोहाच्या क्षारांची जुनी निळी-काळी शाई कागदात मुरते व टिकते, ती आजही मिळते, आणि बैठकीतील बावीस शायांत ती एकच होती व कोणी तिच्याकडे ढुंकून पाहिले नाही. टिकावे असे काही लिहावयाचेच नसेल, तर टिकाऊ शाई हवी कोणास?

मराठवाड्यात चार माणसांनी अक्षरासाठी एकत्र जमणे ह्यास एक इतिहास आहे. निजामाच्या राज्यात १८८४ पासून राज्यकारभाराची भाषा उर्दू झाली. मराठी मुलास वरचे शिक्षण परक्या भाषेतून घ्यावे लागे. आणि परवानगीवाचून सभा भरविण्यास ‘गश्ती निशाण ५३’ ची बंदी होती. तेव्हा वाचनालयाच्या निमित्ताने, गणेशोत्सवाच्या निमित्ताने लोक जमत, आणि मराठीचा दिवा तेवत ठेवीत. १७ सप्टेंबर १९४८ रोजी ते राज्य गेले. आज कोणाची परवानगी लागत नाही. तरी आठ सुशिक्षित माणसे लेखण्या घेऊन बसतात आणि कागदावर मराठी उमटत नाही, ह्याचे आम्हांस जेवढे दुःख झाले तेवढे त्या काळच्या कोणा पुस्तकप्रेमी मास्तरास झाले असते असेच आम्ही समजतो.

आणि पुढची पिढी? लातूरचे नाव परीक्षांच्या यशाने देशभर झाले. ‘लातूर पॅटर्न’चा पहिला लौकिक बोर्डाच्या गुणवत्ता याद्यांचा, त्या परीक्षेत मुलांस निदान तीन तास हाताने लिहावे लागे. आता त्या गावात हजारो मुले ज्या वैद्यकीय प्रवेशपरीक्षेसाठी वर्षानुवर्षे झटतात, तिची घडण अशी की, केंद्रावर मिळालेल्या बॉलपेनने वर्तुळे काळी करावी. तेथे लेखणीचे काम लिहिणे हे नव्हेच. अशा मुलांपैकी एकजण त्या बैठकीत होता. आपण पेनाकडे का वळलास असे विचारता तो म्हणाला, “वर्तुळं भरून भरून हात लिहायचं विसरला होता.” ह्या एका वाक्यात ह्या छंदाचे सगळे समर्थन आहे, आणि त्या मुलास आपण इंग्रजी कोल्ह्याचे वाक्य लिहावयास लावून परत पाठविले, ह्यात आपली सगळी चूक आहे.

यावर एक आक्षेप येईल, व तो रास्त आहे. छंद हा छंद असतो. त्याच्या मानेवर भाषेचे जू कशाला ठेवता? तिकिटे जमविणाऱ्यास आपण पत्रे लिहा असे कोणी म्हणत नाही. आमचे म्हणणे एवढेच की, पेन हे तिकीट नव्हे. ते तंबोऱ्यासारखे आहे. मिरजेचा कारागीर तंबोऱ्याची जवारी लावतो ती स्वराशी पडताळूनच लावतो. तंबोऱ्यांच्या शौकिनांची बैठक भरली, भोपळ्यांची व लाकडाची चर्चा झाली, तारा छेडून पाहिल्या, आणि कोणी ‘सा’ लावलाच नाही, तर उठून जाताना काहीतरी राहिले असे त्यांचे त्यांनाच वाटेल. आम्ही उपयुक्तता मागत नाही. आनंद पुरा व्हावा एवढेच मागतो.

ह्या बाबतीत प्रमाण हवेच असेल तर ते लांबचे नाही. समर्थ रामदास जांबचे, म्हणजे ह्याच मराठवाड्याचे. दासबोधाच्या एकोणिसाव्या दशकाचा पहिला समास त्यांनी सबंध लेखनक्रियेस दिला आहे. तो वाचताना आजच्या पेनप्रेमी माणसास आपलाच कोणी वडीलधारा बोलतो आहे असे वाटेल. कारण देशोदेशीचे बोरू जमवावे, चाकू, कातरी, कागद, शाया नाना परीच्या बाळगाव्या, असे तो संग्रहाचे पुरते कौतुक करतो. पण त्याच समासात तो असेही सांगतो की, तरुणपणी फार बारीक लिहिलेले म्हातारपणी उपयोगी पडत नाही, म्हणून मध्यम लिहावे. आणि भोवती जागा सोडून मधोमध लिहावे, म्हणजे कागदाची कड झडली तरी अक्षरास धक्का लागणार नाही. संग्रह आहे, पण नजर पुढे वाचणाऱ्यावर आहे. आमच्या संमेलनांस ह्याहून निराळी कसोटी आम्ही लावीत नाही.

तेव्हा करावे काय, ते थोडक्यात सांगून हा लेख संपवितो. पुढील बैठकीत चाचणीच्या कागदावर प्रत्येकाने एक सबंध परिच्छेद मराठीत, शिरोरेषा देऊन लिहावा. ज्याची भाषा उर्दू त्याने उर्दूत लिहावा. कोणती निब नागरीस चालते, कोणती चालत नाही, याची नोंद त्याच कागदावर राहावी. ज्यांजवळ दोन निबा असतील त्यांनी एक तरी बोरूच्या कापाप्रमाणे उलट तिरपी घासवून आणावी, व बिघडली तर बिघडली असे सांगावे. आणि जो कोणी घरचे जुने पेन आणील त्याने त्याबरोबर त्या पेनाने लिहिलेला एखादा कागदही आणावा, व तो वाचता येणाऱ्या एका तरी माणसास बोलावून आणावे. लातूरच्या त्या वृद्ध गृहस्थाने वही आमच्याकडे ठेवली आहे. अजून तिची चाळीस पाने वाचावयाची राहिली आहेत. महाविद्यालयीन मुलगा रविवारी येतो, आणि आम्ही वाचतो ते आपल्या पेनाने नागरीत उतरून घेतो.